दप्तराचे राखणदार : डॉ. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर

मठाचा विस्तार लहान असो वा मोठा, त्याच्या वास्तूत देवघराइतकीच महत्त्वाची आणखी एक जागा असते. ती म्हणजे दप्तराची. लाकडी पेटीत किंवा भिंतीतील फडताळात जुन्या रुमालांत बांधलेली सनदापत्रे, वहिवाटीच्या यादी, जमाखर्चाच्या वह्या आणि गुरुपरंपरेची टिपणे तेथे ठेवलेली असतात. देवापुढील समई रोज उजळते; दप्तराचा रुमाल मात्र काही कज्जा उद्भवला किंवा वारसाचा प्रश्न निघाला तरच सुटतो. तथापि मठाचा योगक्षेम पुष्कळदा त्या रुमालावर अवलंबून राहिला आहे, हे बेळगाव-निपाणी भागातील भाविकांस विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. पेशवाईचा अस्त होऊन १८१८ साली हा मुलूख इंग्रजांच्या अमलाखाली आला, आणि पुढे धारवाड-बेळगावकडील इनामांची चौकशी सुरू झाली. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनास पूर्ण अधिकार मिळाले. ज्याने अस्सल सनद दाखविली आणि ज्याच्या सनदेस पुण्याच्या पेशवे दप्तरातील नोंदीचा आधार सापडला, त्याचे इनाम टिकले. ज्याचा कागद वाळवीने खाल्ला होता, त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट संशयास पात्र ठरली. त्या काळी दक्षिण महाराष्ट्रातील देवस्थाने, मठ व वतनदार घराणी यांस कागदाची किंमत कळली, ती अशी कठोर रीतीने कळली.

कागदाची किंमत कळणे निराळे आणि कागद राखण्यात आयुष्य वेचणे निराळे. राजे, सरदार, वकील, पंडित यांची चरित्रे लिहिली जातात. दप्तर राखणाऱ्याचे चरित्र सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून बेळगावाहून चोर्ला घाट उतरले की लागणाऱ्या सत्तरी महालातील एका गृहस्थाचे चरित्र येथे सादर केले आहे. परक्या सरकारच्या दप्तराची राखण करीत असता त्यांनी आपल्या देशाचा इतिहास उजेडात आणला. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर.

पिसुर्लेकरांचा जन्म ३० मे १८९४ रोजी झाला. सत्तरीतील पिसुर्ले हे त्यांचे मूळ गाव. त्यावरूनच त्यांचे आडनाव पडले. हा महाल पोर्तुगीजांच्या नव्या काबिजादींपैकी होय. तिसवाडी, बारदेश व साष्टी या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकात त्यांच्या ताब्यात गेल्या. सत्तरी, डिचोली, फोंडे इत्यादी भाग मात्र अठराव्या शतकात त्यांजकडे आला. त्यामुळे जुन्या काबिजादींत देवळे पडली व धर्मांतरे झाली, तशी अवस्था नव्या काबिजादींत झाली नाही. येथे देवळे राहिली, मराठी शिकविणारे शेणवीमामा राहिले, आणि मोडी वाचणारी घरेही राहिली. पिसुर्लेकरांच्या जन्मानंतर एकाच वर्षाने, १८९५ साली, सत्तरीच्या राण्यांनी पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पुन्हा उठाव केला. अशा मुलखात, अशा काळी वाढलेल्या मुलाच्या कानावर राज्यकर्त्यांच्या बळाच्या आणि त्यांच्याशी झालेल्या झुंजींच्या कथा आल्याखेरीज राहिल्या नसतील.

१९१० साली पोर्तुगालात राजेशाही जाऊन लोकसत्ता स्थापन झाली. त्या क्रांतीने गोव्यातील हिंदूंना कायद्याच्या दृष्टीने समान नागरिकत्व प्राप्त झाले, आणि शिक्षण व सरकारी नोकरी यांची जी दारे पूर्वी अर्धवट बंद असत ती उघडू लागली. पिसुर्लेकर त्या वेळी सोळा वर्षांचे होते. मराठी ही घरची व संस्कारांची भाषा, पोर्तुगीज ही राज्यकारभाराची भाषा, आणि मोडी ही जुन्या पत्रव्यवहाराची लिपी. या तिहींवर ज्याची सारखीच पकड आहे असा अभ्यासक त्या काळी गोव्यात दुर्मिळ होता. महाराष्ट्रातील संशोधकांस मोडी येत असे, पण पोर्तुगीज येत नसे. पोर्तुगीज पंडितांस मोडीचा गंध नव्हता. या दोहोंमधील रिकामी जागा पिसुर्लेकरांनी भरून काढली. १९२६ पासून पणजीच्या वास्को द गामा संस्थेच्या पत्रिकेत ‘पोर्तुगीज आणि मराठे’ या विषयावर त्यांची लेखमाला प्रसिद्ध होऊ लागली. १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभी गोव्याचे सरकारी ऐतिहासिक दप्तर त्यांच्या हाती आले, आणि १९६१ पर्यंत, म्हणजे सुमारे तीन दशके, ते त्यांच्याच देखरेखीखाली राहिले.

हे दप्तर कसे होते, हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्या सेवेचे मोल ध्यानात यावयाचे नाही. १५९५ साली पोर्तुगालच्या राजाने गोव्यात दप्तरखाना स्थापण्याची आज्ञा केली आणि दियोगु दु कोतु या इतिहासकारास त्याचा पहिला रक्षक नेमले. तेव्हापासून तेथे कागद साठत गेले. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध संग्रह ‘मोसमाची पुस्तके’ या नावाने ओळखला जातो. लिस्बन व गोवे यांमधील जहाजे मोसमी वाऱ्यांवर चालत. वर्षातून एकदा पत्रे येत आणि एकदा जात. त्या पत्रव्यवहाराचे हे खंड होत. ‘शेजारच्या राजांची पुस्तके’ म्हणून दुसरा एक संग्रह आहे. विजापूरचा आदिलशहा, छत्रपती, पेशवे, सावंतवाडीचे भोसले, सौंदेकर राजे, इक्केरीचे नायक अशा सत्ताधीशांस गोव्याच्या विजरईने जी पत्रे पाठविली, त्यांच्या नकला त्यात आहेत. याखेरीज विजरईच्या सल्लागार मंडळाचे ठराव, किल्ल्यांचे नियम, जमीनमहसुलाच्या वह्या, गावकऱ्यांचे कागद अशी विपुल सामग्री आहे. यांतील बहुतेक लेखन पोर्तुगीज भाषेत असले, तरी त्यात मराठी कागदही पुष्कळ आहेत; आणि गोव्यातील काही जुने दस्तऐवज गोयकानडी नावाच्या कानडी वळणाच्या लिपीत लिहिलेले आहेत.

एवढ्या संपत्तीवर संकटेही तितकीच आली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मोसमाच्या पुस्तकांपैकी ६२ खंड लिस्बनला नेण्यात आले, ते परत आले नाहीत. जुने गोवे ओस पडले व राजधानी पणजीस हलली, त्याबरोबर कागदांचीही हलवाहलव झाली. कोकणातील पाऊस, दमट हवा, कसर आणि वाळवी हे तर दप्तराचे कायमचे वैरी. त्यातच जुनी पोर्तुगीज शाई लोहयुक्त असल्याने जेथे अक्षर दाट आहे तेथे ती कागदच जाळून टाकते. पानावर अक्षराच्या आकाराचे छिद्र तेवढे उरते. एकोणिसाव्या शतकात कुन्य रिव्हारा या विद्वान अधिकाऱ्याने या दप्तरातील निवडक कागद १८५७ पासून छापून काढले. पुढे १९२५ च्या सुमारास डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांनी गोव्यातील ऐतिहासिक कागदांविषयी प्राथमिक अहवाल प्रसिद्ध करून हिंदुस्थानातील संशोधकांचे लक्ष तिकडे वेधले. पण बाहेरून येणारा अभ्यासक काही आठवडे राहतो, आपल्यापुरते पाहतो आणि परत जातो. खंडामागून खंड उघडून त्यात काय आहे याची नोंद करणे, सुटलेली पाने जागी लावणे, एका संग्रहातील पत्राचे उत्तर दुसऱ्या संग्रहात शोधणे, आणि आलेल्या प्रत्येक अभ्यासकास हवा तो कागद काढून देणे, हे काम जागेवर राहणाऱ्याचेच असते. त्याला कीर्ती थोडी आणि धूळ फार.

हे काम पिसुर्लेकरांनी केले. आणि जे सापडले ते स्वतःपाशी दडवून न ठेवता जगापुढे मांडले. किल्ल्यांच्या नियमांचा संग्रह त्यांनी १९५१ साली प्रसिद्ध केला. १६१८ ते १७५० या काळातील विजरईच्या सल्लागार मंडळाच्या ठरावांचे पाच खंड १९५३ ते १९५७ या पाच वर्षांत बाहेर पडले. १९५५ साली गोव्यातील दप्तरांचे मार्गदर्शक पुस्तक त्यांनी तयार केले. त्यामुळे कोणता कागद कोठे आहे, हे दूरदेशीच्या अभ्यासकासही घरबसल्या कळू लागले. चार्ल्स बॉक्सर यांच्यासारख्या जगद्विख्यात इंग्रज इतिहासकाराने गोव्याच्या दप्तराची ओळख करून देणारा लेख १९५२ साली लंडनच्या विद्वत्पत्रिकेत लिहिला, यावरून या दप्तराकडे जगाचे लक्ष कसे वळू लागले होते ते दिसते.

या सर्व कागदांत भाविकांच्या हृदयास सर्वांत जवळचा भाग देवस्थानांच्या जमिनींचा आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी येथील देवळे मोडण्यात आली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली, कोलव्याची महालक्ष्मी बांदोड्यास गेली. रात्री-अपरात्री देव उचलून नदीपलीकडे अंत्रुज महालात नेणाऱ्या भक्तांना सोबत मूर्ती तेवढी नेता आली; शेते, बागा, कुळागरे जागच्या जागी राहिली. ती सरकारने घेतली आणि त्यांचे उत्पन्न चर्च व पाद्र्यांच्या संस्था यांस लावून दिले. उत्पन्न लावून द्यावयाचे तर जमिनीची मोजदाद हवी. म्हणून ‘फोराल’ आणि ‘तोंब’ या नावांच्या नोंदवह्या तयार झाल्या. कोणत्या गावी कोणत्या देवाचे देऊळ होते, त्याचे शेत कोठे होते, त्याच्या सीमा काय होत्या, पुजाऱ्याकडे कोणती जमीन होती, वाजंत्र्याकडे कोणती, देवळाच्या इतर सेवेकऱ्यांकडे कोणती, हे सर्व कारकुनांनी काळजीपूर्वक उतरून काढले. त्यांचा हेतू देवाची आठवण ठेवण्याचा नव्हता; खंडाचा एक पैसाही बुडू नये, एवढाच होता. परंतु परिणाम असा झाला की ज्या गावातून देव गेला, देऊळ गेले आणि जोत्याचा दगडही राहिला नाही, त्या गावच्या देवाचे नाव आणि त्याच्या शेताची चतुःसीमा त्याच सरकारच्या वहीत शिल्लक राहिली.

१५९५ साली फ्रान्सिश्कु पाइश या मुख्य हिशेबनिसाने तिसवाडी, साष्टी व बारदेश या प्रदेशांचा जो तोंब तयार केला, तो प्रस्तावना व टिपांसह पिसुर्लेकरांनी १९५२ साली प्रसिद्ध केला. तो छापला गेला तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचेच राज्य होते. आपल्याच पूर्वजांच्या भूमीची, त्यांच्याच हातून गेलेल्या हक्कांची ती नोंद वाचताना त्या हिंदू दप्तरदाराच्या मनात काय आले असेल, याची कल्पना ज्याने त्याने करावी. वहीचे पान फाडले नाही, नोंद वगळली नाही, आणि आपल्या मनाचा संताप किंवा राज्यकर्त्यांची मर्जी यांपैकी कशालाही संपादनात शिरकाव दिला नाही, हेच त्यांचे मोठेपण होय.

त्यांच्या निःपक्षपातीपणाचे दुसरे उदाहरण मराठ्यांच्या इतिहासाचे आहे. १६८३ च्या नोव्हेंबरात छत्रपती संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी केली आणि जुव्याचा किल्ला रातोरात घेतला. तो परत मिळविण्यास निघालेला विजरई कोंदि द आल्व्होर पराभूत होऊन कसाबसा निसटला. शहर आता जाणार, या भीतीने त्याने सेंट झेवियरची शवपेटी उघडवून आपला अधिकारदंड त्या संताच्या हाती ठेवला. अशा प्रसंगीचे गोव्यातील भय, धान्याची व माणसांची टंचाई, आणि सल्लागारांची गोंधळलेली मने समजण्यास पोर्तुगीज कागदांइतके बळकट साधन नाही. पुढे शहजादा शहाआलम मोगल फौजेसह बेळगावकडून रामघाट उतरून कोकणात येत आहे असे दिसताच मराठी फौजेस मागे फिरावे लागले, आणि गोवे वाचले. रामघाट हा बेळगावकरांस परिचित. पण त्या घाटातून उतरलेल्या एका फौजेमुळे गोव्याच्या इतिहासास कलाटणी मिळाली, हे सहसा ध्यानात येत नाही. त्याचप्रमाणे १७३९ साली चिमाजी आप्पा वसईस मोर्चे लावून बसले असता इकडे साष्टी प्रांतात मराठी फौज घेऊन उतरले ते व्यंकटराव घोरपडे इचलकरंजीकर, बाजीरावसाहेबांच्या भगिनी अनुबाई यांचे यजमान. निपाणीहून हाकेच्या अंतरावर असलेल्या इचलकरंजीच्या या सरदाराच्या मोहिमेची शत्रुपक्षाची बाजू पोर्तुगीज दप्तरात सापडते. जय सांगताना बखरकाराचा हात मोकळा सुटतो. पराजय सांगताना शत्रूचा कारकून हात आखडता घेतो. म्हणून जेथे शत्रूच स्वतःच्या गुप्त मसलतीत आपल्या संकटाची कबुली देतो, तेथे इतिहासास बळकट पाया लाभतो. मात्र मराठ्यांचे दोष, तहातील टाळाटाळ आणि आपापसांतील बेबनाव हेही त्याच कागदांत आहेत. पिसुर्लेकरांनी तेही झाकले नाहीत.

१९५२ सालीच त्यांनी पोर्तुगीजांच्या एतद्देशीय वकिलांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. विजरईची पत्रे शेजारच्या दरबारांत नेणारे, तेथील भाषा बोलणारे आणि तहाची कलमे जुळविणारे लोक पुष्कळदा हिंदू असत. मुसलमान, ज्यू व पारशीही असत. पुण्यास पेशव्यांच्या दरबारी पोर्तुगीजांचे वकील असलेले नारायण विठ्ठल धुमे हे त्यांपैकीच एक. ज्या सरकारने हिंदूंच्या देवळांवर घाला घातला, त्याच सरकारचा कारभार हिंदू दुभाष्यावाचून चालत नव्हता, ही वस्तुस्थिती या ग्रंथाने कागदोपत्री सिद्ध केली.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे योग्य होणार नाही. पिसुर्लेकरांनी आयुष्यभर परकीय सत्तेची चाकरी केली. त्यांचे बहुतेक लेखन राज्यकर्त्यांच्या भाषेत झाले, राज्यकर्त्यांच्याच खर्चाने छापले गेले. त्याच वर्षांत गोव्यातील अनेक देशभक्त तुरुंगात होते; १९५५ साली सरहद्दीवर सत्याग्रहींचे रक्त सांडले. अशा वेळी शांतपणे जुने कागद लावीत बसणाऱ्यास देशसेवक म्हणावे काय? ज्यांनी तुरुंग भोगला त्यांच्या त्यागाशी या कामाची बरोबरी करण्याचे कारण नाही; ती कोणी करूही नये. पण धर्मशास्त्रात निक्षेप म्हणजे ठेव हा एक स्वतंत्र विषय आहे. विश्वासाने सोपविलेली वस्तू जशीच्या तशी परत करणे हा ठेव राखणाऱ्याचा धर्म होय. ठेवणारा सज्जन आहे की दुर्जन, यावर तो धर्म अवलंबून नाही. दप्तर ही अशीच एक ठेव आहे, आणि तिचा खरा मालक पुढे येणारी पिढी असते. पिसुर्लेकरांनी मीठ कोणाचे खाल्ले, हा प्रश्न ज्यास विचारावयाचा असेल त्याने हेही विचारावे की त्यांनी ती ठेव कोणाच्या हाती पोचविली.

त्या प्रश्नाचे उत्तर १९ डिसेंबर १९६१ रोजी मिळाले. साडेचारशे वर्षांची सत्ता संपली आणि गोवे मुक्त झाले. विजरई गेले, गव्हर्नर गेले, त्यांची निशाणे उतरली; दप्तर मात्र पणजीसच राहिले. स्वतंत्र भारताच्या स्वाधीन झाले ते नोंदलेले, लावलेले, अर्ध्या जगास परिचित झालेले दप्तर होते. त्यानंतर १९६७ साली पिसुर्लेकरांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा मराठी ग्रंथ पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला. ज्या विषयावर त्यांनी चार दशकांपूर्वी पोर्तुगीज भाषेत लिहिण्यास आरंभ केला होता, तो विषय अखेरीस आपल्या मायबोलीत आपल्या लोकांपुढे ठेवून त्यांनी जणू ठेवीचा हिशेब पुरा केला. १० जुलै १९६९ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या पश्चात १९७५ साली त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. आणि त्यांचा ग्रंथसंग्रह आज गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात अभ्यासकांच्या उपयोगी पडत आहे.

महाराष्ट्राच्या इतिहाससंशोधनाच्या परंपरेत त्यांचे स्थान कोणते? राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून माळ्यावरचे कागद मिळविले. रियासतकार सरदेसायांनी बडोद्याच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग १९३० ते १९३४ या अवधीत काढले. एक संग्राहक, दुसरे संपादक. पिसुर्लेकर हे संपादक तर होतेच. पण त्याआधी ते दप्तराचे रक्षक होते. कागद जागेवर असेल, तो ओला झाला नसेल, त्याचा क्रमांक लागलेला असेल, तरच संपादकाला आपले काम करता येते.

बेळगाव-निपाणीच्या या सीमाभागात मराठी आणि कानडी या दोन भाषा एका अंगणात नांदत आल्या. येथील घराण्यांच्या आणि मठांच्या रुमालांत मोडी मराठी कागद आहेत, कानडी कडते आहेत, संस्कृत पोथ्या आहेत, क्वचित फारसी शिक्क्याची सनदही आहे. त्यांतील एका भाषेचे कागद राखावे आणि दुसरीचे दुर्लक्षावे, असा भेद दप्तर राखणाऱ्यास करता येत नाही. परधर्मी सरकारच्या परभाषेतील वह्यांत गोव्याच्या देवांची नावे सापडली, मग आपल्याच शेजाऱ्याच्या लिपीत आपल्या गुरुपरंपरेचे काय सापडेल, हे रुमाल उघडल्यावाचून कसे कळावे? ज्या वर्धापनाच्या निमित्ताने हा ग्रंथ दोन भाषांतून निघत आहे, त्या प्रसंगी या गोष्टीचे स्मरण विशेष उचित ठरेल.

डॉ. पिसुर्लेकरांचे स्मारक करण्यास मोठ्या खर्चाची गरज नाही. पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, कोरडी हवा पाहून दप्तराचे रुमाल उघडावेत. कागद सावलीत वारा देऊन झटकावेत, कडक उन्हात टाकू नयेत. प्रत्येक कागदास क्रमांक द्यावा, आणि तो कोणी, कोणास, केव्हा व कशाबद्दल लिहिला याची एका वहीत नोंद करावी. जे वाचता येत नाही तेही निरुपयोगी समजून टाकू नये. पाठशाळेत दोन मुलांना मोडी आणि दोघांना जुनी कानडी अक्षरे शिकवावीत. रुमाल पुन्हा बांधताना पूर्वी जो क्रम होता तोच ठेवावा, कारण मागच्या पिढीने तो क्रम काही कारणाने लावलेला असतो. एवढे झाले, तर आज न कळलेला कागद शंभर वर्षांनी येणारा कोणी शिष्य वाचील. आणि तो आपल्या हाती सुखरूप आला, यातच त्यास राखणाऱ्याची ओळख पटेल.